घरात भजनाचे ध्वनिमुद्रण : या चुका टाळा

भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण घरच्या खोलीत, दोन मायक्रोफोन आणि दोन इनपुटांचा साधा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे यंत्र) एवढ्या साहित्यावर चांगले होऊ शकते. ते बिघडते बहुधा बैठकीमुळे, साधनांमुळे क्वचितच. तरीही अनेक मंडळे जमवलेले पैसे महागड्या मायक्रोफोनवर घालतात आणि बैठक मात्र देवळातल्यासारखीच मांडतात : पेटी घेऊन गायक मध्ये, शेजारी पखवाज आणि मागे अर्धवर्तुळात टाळकरी. सभामंडपात श्रोता दूर बसलेला असतो, म्हणून तिथे ही मांडणी शोभते. घरात मात्र मायक्रोफोन गायकापासून हातभर अंतरावर असतो, आणि तो गायकाकडे रोखलेला असल्यामुळे गायकाच्या मागचे टाळही त्यात थेट शिरतात. आमच्या मंडळाचे पहिले ध्वनिमुद्रण याच कारणाने वाया गेले. अभंगातल्या ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांची स्पष्टता ज्या वरच्या कंपनसंख्यांवर अवलंबून असते, तिथेच टाळांचा नाद सर्वाधिक असतो. त्यामुळे नंतर इक्वलायझरने (ठरावीक कंपनसंख्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) टाळ कमी करू गेल्यास शब्दही बोथट होतात.

गायनासाठीचे बहुतेक स्वस्त डायनॅमिक मायक्रोफोन कार्डिऑइड प्रकारचे असतात, म्हणजे ते समोरचे सर्वाधिक आणि पाठीमागचे सर्वांत कमी टिपतात. म्हणून टाळकऱ्यांना मायक्रोफोनच्या पाठीमागे, गायकाकडे तोंड करून, दोन-अडीच मीटरवर बसवावे. गायकाचा चेहरा आणि हात त्यांना समोर दिसत राहिल्यामुळे लयीला धक्का लागत नाही, उलट गजराची उठावणी अधिक एकसंध होते. यातही एक चूक हमखास होते : रजई मायक्रोफोनच्या मागे टांगली जाते. टाळांचा आवाज गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून मायक्रोफोनच्या तोंडात परत येतो, तेव्हा रजई किंवा उभी गादी हवी ती गायकाच्या पाठीशी. पातळ पडद्याने फक्त वरचे नाद शोषले जातात आणि खालची घुमी तशीच राहते, म्हणून जाड कापसाची गादीच वापरावी आणि पखवाज कोपऱ्यात ठेवू नये.

गायक स्वतः पेटी वाजवत असेल, तर पेटीसाठी वेगळा मायक्रोफोन लावणे ही उधळपट्टी ठरते, कारण पेटी गायकाच्या मायक्रोफोनमध्ये येणारच असते. मायक्रोफोन थोडा वर उचलून तोंडाकडे रोखला की पेटी मागे जाते आणि खाली झुकवला की पुढे येते. दोघांचा तोल असा जागेवरच साधावा. दुसरा मायक्रोफोन पखवाजाला द्यावा. तो एकाच पुडीजवळ (कातडे ताणलेल्या एका तोंडाजवळ) लावला तर दुसरी बाजू हरवते, म्हणून पखवाजाच्या मध्यासमोर साधारण ४० सेंटिमीटरवर ठेवावा, आणि दोन मायक्रोफोनांमधले अंतर त्याच्या किमान तिप्पट, म्हणजे १२० सेंटिमीटर असावे. हे अंतर कमी पडले की किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचणारा एकच आवाज दोन्ही मायक्रोफोनांत जवळपास सारख्याच जोराने टिपला जातो आणि एकत्र ऐकताना पोकळ लागतो. शंका आल्यास दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये, म्हणजे एकत्र मिसळून, ऐकावेत आणि एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहावी. ज्या स्थितीत पखवाजाची घुमारी भरदार लागते, ती ठेवावी.

पातळी ठरवताना सुरुवातीच्या संथ नामस्मरणावर विसंबणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. गजर टिपेला पोहोचला की आवाज किती तरी वाढतो, आणि मुद्रणातच तो फाटला तर नंतर समाधानकारक दुरुस्ती होत नाही. आधी गजरच म्हणवून घ्यावा, आणि सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा) असा गेन, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, लावावा. २४ बिटमध्ये मुद्रण केले तर एवढी जागा मोकळी सोडल्याने दर्जा घटत नाही. फोनवर मुद्रण करणाऱ्यांनी आपोआप पातळी बदलणारी सोय बंद करावी, अन्यथा टाळाच्या प्रत्येक ठोक्याला गायकाचा आवाज खाली बसतो.

पावसाळ्यात पखवाजाचे कातडे दमट हवेने सैलावते आणि सूर उतरतो. पेटीचा सूर मात्र जागचा हलत नाही, म्हणून प्रत्येक अभंगापूर्वी पखवाज पेटीशी मिळवून घ्यावा. डाव्या पुडीवरची कणीक वाळत गेली की नादही बदलतो. त्यामुळे पहिल्या मुद्रणातले कडवे तासाभराने घेतलेल्या दुसऱ्या मुद्रणाला जोडले, तर तो सांधा जाणकाराला लगेच कळतो. एका अभंगाची सर्व मुद्रणे सलग उरकावीत. मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्रावर) एकेकाचे वेगळे मुद्रण करण्याचा मोहही टाळावा, कारण भजनात लय चढत जाते आणि ती चढवण्याचा निर्णय सर्वांनी मिळून त्याच क्षणी घेतलेला असतो.

पंखा आणि फ्रिज बंद ठेवावेत. सतत घुंई ऐकू येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. घुंई थांबली, तर दोष मायक्रोफोनचा नसून विजेच्या जोडणीचा आहे. दोन वेगळ्या फोनांवर मुद्रण करत असाल, तर आरंभी आणि शेवटीही एक टाळी वाजवावी, कारण दोन यंत्रांची घड्याळे तासाभरात एकमेकांपासून किंचित सरकतात आणि शेवटच्या टाळीवरून तो फरक मोजता येतो. त्याच खोलीत हेडफोन लावून ऐकलेला तोल फसवा असतो, कारण प्रत्यक्ष आवाजही कानांत येतच असतो. म्हणून पहिल्या अभंगानंतर सर्वांनी थांबून, वाद्ये खाली ठेवून, मुद्रण पूर्ण ऐकावे आणि बैठक हलवायची असेल तर तेव्हाच हलवावी.