गेम हिट झाला अन् आम्ही रिव्ह्यू वाचणं बंद केलं

कॉलेजच्या ज्युनिअर पोट्ट्यांचे मेसेज येत राहतात, दादा गेम इंडस्ट्रीत यायचंय, युनिटी शिकू का अनरियल (दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअर), नागपुरात राहून जमते का पुण्यालाच जावं लागते वगैरे. मोबाइल गेमचं काम करायचं असेल तर युनिटी शिका, झालं. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. कंपनीचा गेम चालला की नाही हे जॉइन करायच्या आधी सगळेच बघतात, पण चालल्यावर ती कंपनी नम्र राहिली का तिच्या डोक्यात हवा गेली ते कोणी बघत नाही, मीही नव्हतं बघितलं.

२०१९ ला इंजिनिअरिंग संपलं अन् मी आयटी पार्कजवळच्या एका छोट्या स्टुडिओत लागलो, नाव नाही सांगत. नऊ जण, दोन खोल्या, एसी एकाच खोलीत, म्हणून मे महिन्यात अख्खी टीम त्याच खोलीत (नागपूरचा मे, समजून घ्या). नवीन बिल्ड, म्हणजे गेमची ताजी कच्ची कॉपी, निघाली की आमचे मालक, सर, स्वतः फोन घेऊन खाली पोह्याच्या ठेल्यावर जायचे अन् तिथं उभा असेल त्याच्या हातात द्यायचे, भाऊ, दोन मिनिटं खेळून बघा न. आम्ही मागे उभे, पण बोलायचं नाही, हिंट द्यायची नाही, चेहरासुद्धा पाडायचा नाही. लोक एका हातात तर्री पोह्याची प्लेट धरून एकाच अंगठ्यानं खेळायचे, त्यामुळे आमचं दोन अंगठ्यांचं कंट्रोल तिथंच गचकलं अन् गेम एका अंगठ्याचा झाला. रोज सकाळी एक स्टारवाले रिव्ह्यू मोठ्यानं वाचायचे, शिव्यांसकट.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये तो गेम चालला, म्हणजे जोरात चालला. काचेचं ऑफिस आलं, बीन बॅग आल्या, टीम चौपट झाली अन् ठेल्यावर जाणं कधी बंद झालं ते कोणाला आठवतही नाही. रिव्ह्यू एका इंटर्नकडे गेले, त्यानं सगळ्यांना एकच छापील उत्तर चिकटवणं चालू केलं. अन् यात फक्त सरांची चूक होती असं सांगून मी सुटू शकत नाही, कारण लेव्हल डिझाइन माझ्याकडे होतं अन् एकानं लिहिलं की चौदावी लेव्हल समजूनच नाही राहिली, तर मी तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून 'स्किल इश्यू' लिहिलं, म्हणजे चूक गेमची नाही, तुलाच खेळता येत नाही, सगळे हसले. चौदावीत खरंच घोळ होता बे.

दुसऱ्या गेमला जुनंच नाव ठेवून पुढं 'प्लस' लावलं, दोन अंगठ्यांचं कंट्रोल परत आणलं, काऊन तर म्हणे आता आपले प्लेअर प्रो झाले. लोकांना तो जुन्याच गेमचा अपडेट वाटला, कोणी डाउनलोडच करेना, ज्यांनी केला ते दुसऱ्या दिवशी परत आले नाहीत. मग पगार लेट व्हायला लागले, अन् कपात सुरू झाली ती ज्युनिअरपासून.

पुढं कळलं की हे निन्टेंडोसारख्या जपानी दादा गेम कंपनीलाही झालंय. २००६ चा त्यांचा वी कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) १० कोटींच्या वर विकला गेला, म्हाताऱ्या माणसांनीही खेळला. २०१२ ला वी यू आणला, अन् बऱ्याच लोकांना कळेचना की हा नवीन कन्सोल आहे का जुन्या वीचंच काही ॲक्सेसरी आहे, तो १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच अडकला. फरक पुढे आहे. तिथले प्रेसिडेंट सातोरू इवाता, मूळचा प्रोग्रामर माणूस, त्यांनी २०१४ ला पाच महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला, अन् त्याच्या आधीच्या वर्षी शेअरहोल्डरांना तोंडावर सांगितलं होतं की लोकांना काढणार नाही, भेदरलेली माणसं चांगला गेम बनवू शकत नाहीत. कपात वरून सुरू झाली. २०१७ ला त्यांचा पुढचा कन्सोल स्विच आला अन् तो तुफान चालला.

हिट झाल्यावरही नीट वागणारे आणखी आहेत. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोननं चार-साडेचार वर्षं एकट्यानं बनवला, तेव्हा खर्चापाण्यासाठी थिएटरमध्ये लोकांना सीटवर नेऊन बसवायचं काम करायचा. गेम आला २०१६ ला, २०२४ संपेपर्यंत ४ कोटींच्या वर कॉपी गेल्या, तरी त्याच वर्षी त्यानं एवढा मोठा अपडेट फुकट दिला. लॅरियन स्टुडिओचंही तसंच, त्यांच्या बाल्डर्स गेट ३ ला २०२३ चा गेम ऑफ द इयर मिळाल्यावरही २०२५ पर्यंत फुकट पॅच (दुरुस्तीचे अपडेट) देत राहिले, शेवटच्या मोठ्या पॅचमध्ये १२ नवीन सबक्लास, म्हणजे पात्रांचे नवे प्रकार, टाकले.

एक मात्र आहे, नम्रपणा अन् कंजूषपणा यात गल्लत करू नका. "आपण फॅमिली आहोत, पैशाकडे नको बघू" म्हणणारे मला नंतर दोन इंटरव्ह्यूत भेटले, तो नम्रपणा नाही, तो पगार न द्यायचा बहाणा आहे. अन् लिंक्डइनवर स्वतःचंच कौतुक करून 'हंबल्ड' (नम्र झालो) लिहिणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

मी आता बघतो ते असं, प्ले स्टोअर उघडायचं, कंपनीचा हिट गेम काढायचा, शेवटचा अपडेट कधीचा आहे अन् त्यात बग काढले का नुसत्या नवीन ऑफर टाकल्या ते वाचायचं, मग एक स्टारवाल्यांना उत्तर माणसानं दिलंय का मशीननं. इंटरव्ह्यूत ते विचारतात न, तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा विचारा की शेवटची प्लेटेस्ट, म्हणजे बाहेरच्या माणसाला गेम खेळायला देऊन बघणं, कधी झाली अन् त्यानंतर काय बदललं. ज्यांनी केली असते ते लगेच सांगायला लागतात, थांबवावं लागते. बाकीचे डेटा टीमचं नाव घेतात. डेटा पाहिजेच, पण लेव्हलवर लोक गळले एवढं तो सांगतो, काऊन गळले ते ठेल्यावरच दिसते.

सध्या मी त्रिमूर्तीनगरच्या घरूनच दुसऱ्या एका स्टुडिओसाठी काम करून राहिलो. घरमालकीण काकूंचा पोट्टा सातवीत आहे, बिल्ड आली की त्याला बोलावतो अन् मी मागे उभा, तोंड बंद. मागच्या आठवड्यात तिसऱ्या स्क्रीनवर अडकला अन् मागे वळून म्हणे, "दादा, हे बटण आहे का चित्र आहे?" त्या बटणावर माझे चार दिवस गेले होते. सोमवारी बदलून पाठवलं.