मूळ खालीच का वळतं? प्रयोग करताना या चुका टाळा

मोड आलेला मका आडवा ठेवला की काही तासांत मूळ खाली वळतं. इतका सोपा प्रयोग म्हणून तो घाईत उरकला जातो आणि निष्कर्ष टिकत नाही.

सर्वांत जास्त घोळ मूलटोपी, म्हणजे मुळाच्या टोकावरचं टोपीसारखं आवरण, काढताना होतो. गुरुत्वाची जाणीव टोपीतल्या पेशींना होते. मूळ आडवं होताच त्यांतले स्टार्चचे जड कण काही मिनिटांत खालच्या बाजूला बसतात. वळण मात्र त्यामागच्या लांबणाऱ्या भागात पडतं. विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसतं ते असं: ब्लेडने सेंटिमीटरभर टोक छाटलेलं, मूळ सरळ, वर तक्ता, ‘टोपी नाही म्हणून वळण नाही’. ‘कालपासून हे मूळ वाढलं किती?’ एवढंच परीक्षकांनी विचारलं की उत्तर नसतं. टोपीबरोबर वाढणारा भागही गेलेला असतो. जे वाढतच नाही ते वळेल कसं? 1880 मध्ये चार्ल्स डार्विन यांनी टोकं छाटून निष्कर्ष मांडला, तेव्हाही जखमेची हरकत घेतली गेली होती.

म्हणून मकाच घ्या. भिंगाखाली सुईने त्याची टोपी अलगद सुटते. मुळावर शाईची खूण करा, शेजारी टोपीसकट मुळं ठेवा. बिनटोपीचं मूळ वाढलं आणि तरी वळलं नाही, तरच पुरावा. नोंद 8-10 तासांत घ्या. साधारण दिवसाभराने वळण्याची क्षमता परत येते, आणि उशिरा पाहणाऱ्याला प्रयोग फसला असं वाटतं.

दुसरी चूक पाण्याची. सीडीच्या डबीत टिपकागद लावतात आणि तळाशी पाणी साचू देतात. मग मूळ गुरुत्वामुळे वळलं की ओलाव्याकडे, हे कोणी सांगावं? कागद भिजवून निथळू द्या, सगळीकडे सारखा ओला हवा, मग डबी बंद.

डबी सपाट ठेवू नका, उभीच ठेवा. सरळ, 1-2 सेंमीची मुळंच निवडा. अंधार हवा, कारण प्रकाशानेही मूळ वळतं. एका बीवर निष्कर्ष काढू नका, निदान दहा घ्या.

स्पष्टीकरणात ‘ऑक्झिनमुळे (वनस्पतीतल्या वाढीच्या संप्रेरकामुळे) वाढ होते’ एवढंच पाठ म्हणू नका. मुळाच्या खालच्या बाजूला ऑक्झिन जास्त जमलं की तिथली वाढ मंदावते; वरची बाजू लांबत राहते आणि मूळ खाली वळतं. ‘वजनाने लोंबतं’ हे तर अजिबात लिहू नका. टोपी काढल्याने वजन नावालाच घटतं, तरी वळण थांबतं.