घरी ॲडव्हेंट करताय? पोरांसोबत या चुका टाळा

ॲडव्हेंट म्हणजे आगमनकाळ, नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ. सगळ्यात कॉमन चूक आधी सांगते. डिसेंबर उजाडला की आपल्याला इतकी हौस येते की पहिल्याच आठवड्यात ट्री, लायटिंग, चांदणी, गोठा (येशूजन्माचा देखावा) सगळं उरकून मोकळे होतो आणि मग 10 तारखेपर्यंत पोरं कंटाळलेली असतात, कारण बघायला नवीन काही उरलेलंच नसतं. आगमनकाळ हा वाट बघायचा काळ आहे. चर्चमध्ये पण बघा ना, या काळातल्या रविवारच्या मिस्सांना (प्रार्थनाविधींना) ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत, तो राखून ठेवतात नाताळच्या रात्रीसाठी. घरी पण तसंच थोडं थोडं करा. एका रविवारी नुसता रिकामा गोठा, पुढच्या रविवारी गाय-बैल, मग मेंढपाळ, असं. काम तेवढंच आहे, फक्त महिनाभर पुरतं.

आता मेणबत्त्यांचं चक्र. हे मुळात पोरांसाठीच निघालं, म्हणून मला ते फार आवडतं. 1839 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवायचे, पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, तर त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या छोट्या लाल, आणि रोज एक पेटवायला लागले. आपण आता फक्त चार लावतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवत.

यात गडबड कुठे होते? एक तर बेस. थर्माकोलच्या प्लेटवर किंवा प्लॅस्टिकच्या हिरव्या माळेत पेटती मेणबत्ती अजिबात नको, सरळ स्टीलच्या परातीत ओली वाळू भरा आणि त्यात मेणबत्त्या खोचा, पोराने टेबलाला धक्का दिला तरी हलत नाहीत. पाइनच्या फांद्या शोधत दादर-बांद्रा फिरू नका, अशोकाची पानं किंवा क्रोटन मस्त दिसतं, फक्त दर शनिवारी बदला, वाळलेला पाला आणि ज्योत शेजारी शेजारी नको. पंखा बंद. जांभळ्या मेणबत्त्या मिळत नसतील तर साध्या पांढऱ्या घ्या आणि खाली परातीला जांभळी रिबीन बांधा, काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे पहिली मेणबत्ती चौथ्या रविवारपर्यंत संपूनच जाते. ती चार आठवडे जळते, त्यामुळे ती बुटकी होणारच आणि तशीच छान दिसते, पण जेवण, टीव्ही, होमवर्क सगळं होईपर्यंत पेटवून ठेवली तर बुडखा पण उरत नाही. प्रार्थनेपुरती पेटवा, पाच-सात मिनिटं, मग फुंकायची. फुंकण्यावरून भांडणं होतात, तर वार वाटून द्या, मोठ्याचे सोम-बुध-शुक्र, छोटीचे मंगळ-गुरु-शनि, रविवारी आजी. आजीचा निकाल कोणी चॅलेंज करत नाही 😄

गुलाबी मेणबत्ती शेवटी लावायची नसते हां, ती तिसऱ्या रविवारची. अर्धी वाट सरली म्हणून आनंदाचा रविवार, त्या दिवशी फादर पण गुलाबी झगा घालू शकतात. पोरांना सांगून ठेवा, चर्चमध्ये शोधतील.

प्रार्थना लांबवू नका. चार वर्षांचं पोर पूर्ण रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसणार नाही. एक गाणं, दोन ओळी वाचन, आज कोणासाठी प्रार्थना करायची ते पोरांनी सांगायचं, झालं.

गव्हाणीत पेंढा टाकायची पद्धत बऱ्याच घरी आहे, एक चांगलं काम केलं की एक काडी, म्हणजे बाळ येशूला मऊ बिछाना. आयडिया सुंदर आहे पण आपण तिची वाट लावतो. कोणाच्या किती काड्या झाल्या हे मोजायला लागलो की गेलं सगळं, आणि त्याहून वाईट म्हणजे मस्ती केली म्हणून काडी काढून घेणं. टाकलेली काडी काढायची नाही. नावं लावू नका, एकच गव्हाण सगळ्यांची, आणि आईबाबांनी पण काड्या टाकायच्या. आपण टाकल्या नाहीत तर ती पोरांना लावलेली शिस्त होते, दुसरं काही नाही.

बाळ येशू 24 च्या रात्रीपर्यंत गोठ्यात ठेवायचा नाही हे ठीक, पण लपवलेला बाळ ऐन रात्री सापडत नाही असं दरवर्षी कोणाच्या तरी घरी होतंच. जागा दोन मोठ्या माणसांना माहीत पाहिजे.

गोठ्यासाठी नाचणी पेरता ना? ती 1 तारखेला पेरू नका, नाताळपर्यंत लांब होऊन आडवी पडते. घटस्थापनेच्या घटासारखंच गणित आहे, नऊ-दहा दिवसात गवत तयार. 13-14 डिसेंबरला रात्रभर भिजवलेली नाचणी पसरट डब्यात मातीवर दाट टाकायची, पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी येते. गवत पिवळं पडत असेल तर डबा अंधारात आहे, खिडकीत सरकवा.

रोज एक खिडकी उघडायचं 24 खिडक्यांचं कॅलेंडर आणलं तर एक लक्षात ठेवा, ते 1 डिसेंबरला सुरू होतं, पण ॲडव्हेंट दरवर्षी वेगळ्या तारखेला, 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरमधला जो रविवार असेल तो. 2026 मध्ये 29 नोव्हेंबरला आहे. घरी काडेपेट्यांचं बनवा, आत चॉकलेट नको (मुंग्या), चिठ्ठी ठेवा. पण चिठ्ठीत रोज क्राफ्ट लिहू नका, शाळेची परीक्षा असते, आपल्याला ऑफिस असतं. शेजारच्या आजींना हाक मार, चांदणीचं बटण आज तू दाब, इतकं सोपं लिहा. कुलकुलं (नाताळचा गोड फराळ) वळणं वगैरे शनिवार-रविवारी.

चार दिवस राहून गेले तर चारही चिठ्ठ्या एकदम उघडून बॅकलॉग भरत बसू नका, आजची उघडा. आणि तुम्हाला हे सगळं दुसरा रविवार उलटल्यावर आठवलं असेल तर आज संध्याकाळी दोन मेणबत्त्या एकदम पेटवा आणि तिथून पुढे चालू करा.