विमानात खाणं-पिणं विकत घेताना

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, असं भागीदारीच्या मार्गांवर नेहमी होतं. जेवण तिकिटात धरलेलं आहे की विकत घ्यायचं, हे बहुधा विमान उडवणाऱ्या कंपनीवर ठरतं. म्हणून तिकिटावरची 'ऑपरेटेड बाय' ही ओळ वाचा आणि मेन्यू त्याच कंपनीच्या साइटवर बघा. तासाभराच्या उड्डाणात गरम काही मिळेल असं धरूच नका.

गरम जेवण हवंच असेल तर आधी ऑर्डर द्या. विमानात प्रत्येक पदार्थ मोजकाच चढवतात, कारण उरलेला फेकावा लागतो. ट्रॉली पुढून निघाली तर मागच्या रांगांना, दोन्ही टोकांकडून निघाली तर मधल्या रांगांना चिप्स-बिस्किटांवर भागवावं लागतं. आगाऊ ऑर्डर साधारण 24 तास आधी बंद होते, काही कंपन्यांत त्याहूनही आधी. उड्डाण बदललं तर जेवणाची ऑर्डर नव्या विमानावर आपोआप जाईलच असं नाही; बुकिंग उघडून बघा. पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, वर नेट मिळेलच याचा भरवसा नाही.

खरी अडचण पैसे देताना येते. अनेक कंपन्या रोख घेत नाहीत, आणि ट्रॉलीवरचं कार्ड मशीन बऱ्याचदा बँकेशी जोडलेलं नसतं. ते व्यवहार नोंदवून ठेवतं आणि विमान उतरल्यावर बँकेकडे पाठवतं. त्यामुळे ज्या कार्डाला दर वेळी बँकेची ताबडतोब मंजुरी लागते, म्हणजे प्रीपेड आणि काही डेबिट कार्डं, ते खात्यात पैसे असूनही नाकारलं जातं. नेटवर चालणारी पेमेंट अ‍ॅप्सही याच कारणाने अडकतात. चिप असलेलं क्रेडिट कार्ड जवळ ठेवा, शक्यतो दोन. पैसे एक-दोन दिवसांनी कापले गेले तर घाबरू नका. मशीनने चलन निवडायला सांगितलं तर ज्या चलनात किंमत छापली आहे तेच निवडा. स्वतःच्या चलनात बदलून घेतलं की दर बहुधा महाग पडतो.

काय घ्यावं? केबिनमधला हवेचा दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या इतका असतो आणि हवा फार कोरडी, त्यामुळे मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवतात. मसालेदार, आंबट किंवा टोमॅटोचे पदार्थ त्यातल्या त्यात बरे लागतात. (साधं सँडविच वर गेल्यावर आणखीच साधं होतं.) दारू घेणार असाल तर सोबत पाणीही मागा. स्वतःची दारूची बाटली उघडून पिण्याला बहुतेक कंपन्यांची मनाई असते. दह्याचा किंवा ज्यूसचा सीलबंद कप उघडताना झाकण स्वतःपासून दूर धरा. आतली हवा फुगलेली असते, शिंतोडे उडतात. विमान हिंदकळायला लागलं की चहा-कॉफी थांबवतात, म्हणून हवी असेल तर पहिल्या फेरीतच घ्या.

पाण्यावर खर्च टाळायचा तर रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून न्या आणि आत गेल्यावर भरा. घरचं कोरडं खाणं सहसा चालतं, पण दही, जॅम, चटणी ही तपासणीत द्रवपदार्थ धरली जातात आणि 100 मिलिलिटरची मर्यादा बऱ्याच विमानतळांवर अजूनही आहे. घरचा डबा क्रू गरम करून देईल असं मात्र समजू नका.

अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळी कळवा आणि विमानात चढताना क्रूला पुन्हा सांगा, तरी शेजारचा प्रवासी काय खाईल याची हमी कोणी देत नाही. औषध हाताशी ठेवा. परदेशी उतरणार असाल तर उरलेलं फळ किंवा मांसाचा पदार्थ विमानातच संपवा किंवा क्रूकडे टाकायला द्या. बॅगेत राहिला आणि जाहीर केला नाही, तर अनेक देशांत दंड बसतो.