शाळेची वाट पोरांना एकटं चालण्यासारखी आहे का, कसं बघायचं

आमची वस्ती ते झेडपीची शाळा पावणेदोन किलोमीटर, पोरगी तिसरीला. शिरूर तालुका, म्हणजे ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या पण आला. जूनमध्ये तिला चालत पाठवायची का नाही यावरून घरात चांगलीच वाजली, आजी म्हणे आम्ही नाही का गेलो चालत. गेला हो, पण तेव्हा इथं एवढा ऊसही नव्हता नि एवढे ट्रॅक्टरही नव्हते.

तर पहिलं काम, गाडीवरून वाट बघू नका. मी रोज बाईकवर चार मिनिटात जायचो त्यामुळे सगळा रस्ता पाठ आहे असंच वाटायचं. एक दिवस दप्तर पाठीवर देऊन पोरीला पुढं घातलं आणि दहा पावलं मागं राहून गप चालत गेलो, काही सांगायचं नाही, फक्त बघायचं. पाऊण तास लागला. आणि कळलं काय, की ती रस्त्यानं जातच नाही! बोरीपाशी थांबली, मग बांधावरून शॉर्टकट मारला, तो निघाला थेट शेततळ्याच्या कडेनं. मला हे माहीतच नव्हतं. पोरं जिथनं जातात ती खरी वाट, तीच तपासायची.

शेततळ्याचं जरा नीट सांगतो, कारण विहिरीला सगळे भितात, शेततळ्याला कोणी भीत नाही. आत प्लॅस्टिकचा कागद असतो, उतरता, त्यावर शेवाळ धरलेलं, एकदा पाय घसरला की पोहता येणारा मोठा माणूस पण वर चढू शकत नाही, हाताला धरायलाच काही नसतं. मालकाशी गोड बोलून तारेचं कुंपण करून घ्या, आणि चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवायला सांगा. तेवढं होईपर्यंत तो शॉर्टकट बंद म्हणजे बंद.

आता रस्ता. प्रत्येक वळणावर उकिडवं बसून बघा, पोराच्या उंचीवरून. मला उभ्यानं लांबचं दिसत होतं, बसलो तर समोर नुसती वेडी बाभूळ. कोयता घेऊन अर्ध्या तासाचं काम होतं ते, ग्रामपंचायतीची वाट कशाला बघायची. नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना येणाऱ्या गाडीचा स्पीड नीट कळत नाही, त्यामुळे "बघून क्रॉस कर" म्हणणं पुरत नाही, कुठं क्रॉस करायचं ती जागा ठरवून द्या. आणि चालायचं उजव्या कडेनं, म्हणजे गाडी समोरून येताना दिसते.

दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की हाच रस्ता वेगळा होतो. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी फुल्ल, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. पोरांना वाटतं ट्रॅक्टर गेला म्हणजे गेलं, आणि ती रस्त्यावर येतात, पण वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते. शेवटची ट्रॉली जाईपर्यंत कडेला लांब उभं राहायचं, हे नुसतं सांगून होत नाही, दोन-तीनदा शेजारी उभं राहून करून घ्यावं लागतं.

येतानाची वेळ जास्त बेकार. शाळा पाचला सुटते, डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस बुडतो, रमतगमत पोरं येईपर्यंत अंधार, आणि बिबट्याची वेळ हीच. दोन्ही बाजूला उभा ऊस असेल तर एकटं पोर नकोच, चार-पाच जणांचा घोळका, लहान मधे, मोठ्यानं बोलत. वाटेत खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, एकत्र राहून आरडाओरडा करत मागं सरकायचं. ठसे दिसले, किंवा ऊसतोडीत पिल्लं सापडली, तर वनविभागाला 1926 वर फोन, आणि त्या आठवड्यात मोठं माणूस बरोबर पाहिजेच. तेवढी रोजंदारी बुडाली तरी चालेल.

ओढ्याला आमच्यात एकच नियम. फरशी पुलावर पाणी आलं आणि खालची फरशी दिसेना, की शाळा नाही, घोट्याएवढं पाणी असलं तरी नाही. पलीकडे असेल तर तिकडंच कोणाच्या तरी घरी थांबायचं, ते घर आधी ठरवून ठेवा. वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबायचं नाही. कुत्रं चावलं तर घरी लपवायचं नाही, साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना.

हे सगळं बघून एक जरी जागा अशी निघाली की जी आज दुरुस्त होत नाही, तर तेवढ्या जागेपुरतं मोठं माणूस उभं करा, आळीपाळीनं. पूर्ण वाट कोणी सोबत चालायला लागत नाही बऱ्याचदा. कुंपण, लोंबकळणारी तार, पुलाचे कठडे, असलं काही असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत लेखी द्या, फोटोसकट, पोच घ्या. पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असा आरटीईचा नियम आहे, तुमचं अंतर त्याच्या बाहेर जात असेल तर वाहतूक भत्त्याचं मुख्याध्यापकांना विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आमचं सध्या असं ठरलंय, सकाळी पाच पोरं मिळून जातात, संध्याकाळी उसाच्या पट्ट्यापाशी आमच्यातलं कोणीतरी उभं असतं. फेब्रुवारीत तो ऊस तुटला की परत एकदा दप्तर देऊन तिच्या मागनं चालणार, बघू आता कुठनं शॉर्टकट काढते.