साखळी खाली ठेवून सनद घेताना

२०१४ साली एका दिवाणी दाव्यात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा, म्हणून तेव्हा मला अठरा वर्षं झाली होती. कोर्टाच्या आदेशावरून हद्दीची मोजणी मी केली होती, नकाशा माझ्या हातचा होता आणि रेघ बरोबर होती, याबद्दल मला आजही शंका नाही. उलटतपासात वकीलसाहेबांनी रेघेबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यांनी विचारलं, "लगतच्या खातेदाराला नोटीस बजावल्याची पोच फाईलला आहे का?"

नव्हती. ती लावायची माझ्याकडून राहिली होती. अहवाल बाजूला पडला, नव्याने मोजणीचा हुकूम झाला आणि दोन कुटुंबांची आणखी काही वर्षं तारखांमध्ये गेली. बाहेर व्हरांड्यात वादी भेटले, सत्तरीचे गृहस्थ. ते म्हणाले, "साहेब, तुमची रेघ आम्हाला मान्यच हाय. भांडान रेघेचं न्हाईच."

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. खरं असणं आणि कोर्टात सिद्ध होणं यांत अंतर आहे. आणि भांडण कागदावर जिथे दिसतं तिथे ते असेलच असं नाही. पहिल्या गोष्टीने मला वकिलीकडे नेलं, दुसरीने मध्यस्थीकडे. चाळिशीनंतर नोकरी सोडून या वाटेला यावं की नाही, असं मला बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी वयाचं सांगतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीला वयाची अट नाही. कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के गुण लागतात. पेपर मराठीतही सोडवता येतो आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेण्याच्या वयाचं म्हणाल, तर पंचेचाळिशीनंतर सनद देऊ नये असा नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने एकेकाळी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो रद्द केला. मला सनद मिळाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. तो निकाल झाला नसता तर हा लेखही झाला नसता.

गावाकडे वडीलधारी मंडळी अजून वकिलाला कौतुकाने बॅरिस्टर म्हणतात. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या चार 'इन्स' म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी एकीत दाखल व्हावं लागतं, बाबासाहेब ग्रेज इनमध्ये झाले तसं. आपल्या कोर्टात काम करायला १९६१ चा अधिवक्ता कायदा लागू आहे आणि राज्याच्या बार कौन्सिलची सनद लागते, एवढं नवख्याने लक्षात ठेवावं.

नोकरीत राहून कायदा शिकता येतो, वकिली करता येत नाही. पूर्ण वेळ पगारी नोकरी असताना सनद चालवता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे आणि त्यातून पळवाट शोधू नका. मी २०१६ ला प्रवेश घेतला तो कार्यालयाची लेखी परवानगी काढून, सकाळच्या कॉलेजला. सत्तर टक्के हजेरी लागते आणि ती मोजली जाते. मोजणीच्या हंगामात पहाटे कॉलेज, तिथून एसटीने शिवार, संध्याकाळी कार्यालय, असे महिने काढले. वर्गात माझ्या मुलीच्या वयाची मुलं होती. ती मला काका म्हणायची, नोट्स द्यायची, आणि महसुली कायद्याचा तास आला की सातबारा कसा वाचायचा ते माझ्याकडून शिकून घ्यायची. फेरफार, वहिवाट, आणेवारी, कमी-जास्त पत्रक हे शब्द त्यांना नवे होते आणि मला तोंडपाठ होते. करार कायदा आणि पुरावा कायद्यात मात्र उलट होतं. तिथे विशीतली मुलं माझ्यापेक्षा झपाझप पुढे जायची आणि मी तेच पान चार वेळा वाचायचो. ते मान्य करून वाचत राहिलो, इतकंच.

राज्य सेवेत वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी २०१९ अखेर ती घेतली. निवृत्तिवेतन होतं म्हणून घर चाललं, हे स्पष्टच सांगतो. ज्यांना ते नाही त्यांनी किमान तीन वर्षांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नये. सिनिअर वकिलाने हाताखालच्या ज्युनिअरला दरमहा शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात त्याच्या जवळपासची रक्कम मिळालेला ज्युनिअर मला तरी भेटलेला नाही. एक खर्च मात्र कमी झाला आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर सनदेची नोंदणी फी खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये इतकीच घेता येते. माझ्या वेळी हा आकडा कितीतरी मोठा होता.

सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. शंभर प्रश्न, टिपा न लिहिलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याची नुसती मूळ कलमं असलेली पुस्तकं, सोबत नेता येतात. पाठांतराची परीक्षा नाही, कुठलं कलम कुठे आहे ते हाताला माहीत असण्याची आहे. माझी सनद फेब्रुवारी २०२० ची, मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि परीक्षा झाली ती जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात, ज्यांच्या हाताखाली काम शिकत होतो त्या सिनिअर साहेबांच्या ऑफिसातले जुने निकालपत्रांचे गठ्ठे घरी आणून वाचले. मला विचाराल तर तेच माझं खरं शिक्षण. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, सरतपास (आपल्याच बाजूच्या वकिलाने घेतलेली साक्ष), उलटतपास, निकाल, हा सगळा प्रवास एकाच फाईलमध्ये क्रमाने वाचा, मग दुसरी फाईल घ्या. वीस फायली झाल्या की कैफियत लिहिताना हात थांबत नाही.

सिनिअर निवडताना मोठं नाव पाहू नका. जिथे साक्षीपुरावा रोज चालतो आणि जिथे तुम्हाला उभं राहू देतात, ते ऑफिस धरा. आमचे साहेब माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी त्यांना साहेबच म्हणतो आणि ते मला पहिल्या दिवसापासून काका म्हणतात. दोघांनाही त्यात कधी अवघडल्यासारखं झालं नाही. ऑफिसातल्या कारकुनाशी मात्र विशेष नम्र राहा. नक्कल अर्ज कुठे द्यायचा, नाझराकडे (कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्याकडे) कोणती पावती लागते, बेलिफाला (समन्स बजावणाऱ्याला) समन्स देताना पत्त्यावर वस्तीचं नाव का लिहायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा पुकारा झाला तेव्हा मी फक्त मुदतीचा अर्ज द्यायला उभा होतो. तेवीस वर्षं शेकडो शेतकऱ्यांसमोर मोठ्याने नकाशा वाचून दाखवलेला माणूस मी, पण माझा आवाजच फुटेना. न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कारण सांगा, वकीलसाहेब." कारण अर्जात लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं आणि अर्ज मंजूर झाला.

जुन्या नोकरीतून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार जपण्याची आहे. माझ्याकडे आलेल्या पहिल्या पाच पक्षकारांपैकी दोघांच्या जमिनी मीच मोजल्या होत्या. ते आले त्याच विश्वासाने. दोन्ही प्रकरणं मी नाकारली. ज्या दाव्यात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे त्यात वकीलपत्र घेऊ नये, असं बार कौन्सिलचे नियम सांगतात. तुम्ही बँकेत असाल, रुग्णालयात असाल, शाळेत असाल, तुमच्या जुन्या सह्या कुठे ना कुठे निघणारच. फाईल हातात घेण्याआधी त्या शोधा.

आता मध्यस्थी. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ सध्याच्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू आहे. प्रकरण तडजोडीजोगं वाटलं तर न्यायाधीश ते मध्यस्थाकडे पाठवतात. २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. मध्यस्थ निकाल देत नाही, मत देत नाही, त्याच्यासमोर बोललेलं बाहेर जात नाही आणि त्याला साक्षीला बोलावता येत नाही. प्रशिक्षण चाळीस तासांचं असतं. यादीत यायला वकिलांना बरीच वर्षं लागतात. सर्वोच्च न्यायालयातल्या सलेम बार असोसिएशनच्या प्रकरणातून जे आदर्श नियम पुढे आले त्यांत वकिलांसाठी पंधरा वर्षांची अट आहे. पण त्याच नियमांत पंधरा वर्षं काम केलेल्या इतर व्यवसायांतल्या तज्ज्ञांनाही जागा आहे. माझी वकिली तेव्हा चार वर्षांची होती. मला बोलावणं आलं ते तेवीस वर्षांच्या मोजणीमुळे. तुमच्या जिल्ह्यात काय पद्धत आहे ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

आणि तिथेच माझी मोजणी मला सर्वांत जास्त आडवी आली. प्रशिक्षणात खोटं प्रकरण देतात, दोघे पक्षकार होतात, एक मध्यस्थ. माझ्या वाट्याला बांधाचा वाद आला. पाचव्या मिनिटाला मी कागद ओढून बांध कुठून जायला हवा ते काढून दाखवलं. प्रशिक्षक बाईंनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "तुमचं उत्तर बरोबर असेल. पण आता यांच्याकडे बोलायला काय उरलं?" रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे उत्तर मागितलं होतं आणि मी ते दिलं होतं. वकिली शिकताना नवं शिकावं लागलं. मध्यस्थी शिकताना हातातलं सोडावं लागलं, आणि ते कितीतरी अवघड गेलं.

एक प्रकरण सांगतो. गोपनीयतेमुळे दोन-तीन प्रकरणांचे तपशील एकत्र करून आणि बदलून सांगतो आहे. दोन चुलतभाऊ, तीन गुंठे अतिक्रमणाचा दावा, निमताना मोजणीही (पहिली मोजणी मान्य नसल्यावर होणारी फेरमोजणी) होऊन गेलेली. दोघांनी नकाशे आणले होते. मी ते घेतले आणि पालथे घालून ठेवले. थोरल्याला विचारलं, "दादा, ऊस तुटल्यावर ट्रॅक्टर कुठून बाहेर काढता?" खोलीत एकदम शांतता झाली. मग दोघांशी वेगवेगळं बोललो. दावा दाखल झाल्यावर धाकट्याने बांधावरची वाट बाभळीचे काटे टाकून बंद केली होती आणि थोरल्याचा ऊस त्या वर्षी वाळत उभा राहिला होता. धाकट्याचं म्हणणं, सामाईक विहिरीच्या स्टार्टरच्या पेटीला थोरल्याने कुलूप घातलंय, पाण्याची पाळीच मिळत नाही. वाट दाव्यात नव्हती. विहीरही नव्हती. हे त्यांनीच एकमेकांसमोर मांडायचं होतं, आणि ते मांडायला तीन बैठका लागल्या.

तीन गुंठ्यांचा विषय दहा मिनिटांत मिटला. आहे ती वहिवाट तशीच ठेवायची ठरली. विहिरीची पाळी तीन-तीन दिवस, वीजबिल निम्मं-निम्मं. रस्ता नऊ फूट. इथवर आलो आणि एका शब्दावर अडलो. धाकटा म्हणे, "जाऊ देईन असं लिहा." थोरला म्हणे, "हक्क असं लिहा." सव्वा तास त्या एका शब्दावर गेला. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी इथे फार सांभाळून घेतलं. मी फक्त धाकट्याला एवढंच विचारलं, की उद्या तुम्ही दोघं नसाल तेव्हा मुलांनी हा कागद वाचून काय समजावं? बराच वेळ तो खिडकीकडे बघत होता. मग स्वतःच म्हणाला, "लिहा. दोघांना आणि वारसांना वहिवाटीचा हक्क."

विहीर दाव्यातल्या गटाबाहेर होती. अशा वेळी वकिलीचं शिक्षण उपयोगी पडतं: दाव्याबाहेरच्या स्थावर मिळकतीत तडजोडीने हक्क निर्माण होत असतील, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ मुळे त्या हुकूमनाम्याची (डिक्रीची) नोंदणी करावी लागते. दोन्ही वकिलांचं त्याकडे लक्ष वेधलं आणि ती अट त्यांनी मसुद्यात घातली.

तडजोड पुरसिस, म्हणजे दोघांच्या सह्यांचं तडजोडीचं लेखी निवेदन, दाखल झाली. न्यायाधीशांनी दोघांना पुढे बोलावून प्रत्येक कलम वाचून दाखवलं, समजलं का विचारलं, आणि त्याप्रमाणे हुकूमनामा करण्याचा आदेश दिला. व्हरांड्यात दोघे माझ्याकडे आले. थोरला म्हणाला, "साहेब, तुम्ही मोजणीतले. नऊ फुटाच्या खुणा तुम्हीच येऊन रोवून द्या की."

मला जाता येणार नव्हतं. मध्यस्थाने पुन्हा त्या प्रकरणात कोणत्याही नात्याने पाय ठेवू नये. मोजणीचा अर्ज कसा भरायचा ते समजावून दिलं, आणि लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते त्यात नीट लिहा, नोटिसांची पोच फाईलला लागली का ते स्वतः जाऊन बघा, असं दोघांना दोनदा सांगितलं.