"पान कोणतं?"

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या लघुप्रबंधात मी एक वाक्य अगदी बिनधास्त लिहिलं होतं : 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग डार्विनने १८५९ मध्ये केला. खाली तळटीप, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ची. मार्गदर्शक बाईंनी त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि एवढंच विचारलं, "पान कोणतं?"

पान सांगता येईना, कारण पुस्तक मी उघडलंच नव्हतं. वाक्य एका पाठ्यपुस्तकातलं होतं आणि तळटीपही तिथूनच उचललेली. त्या रात्री पहिल्या आवृत्तीची स्कॅन प्रत मिळवली. शब्द शोधून पाहिले, एकदाही सापडले नाहीत. स्कॅनमधला शोध कधीकधी अक्षरं चुकवतो, म्हणून चौथं प्रकरण डोळ्यांनी पाहिलं. शीर्षक फक्त 'नॅचरल सिलेक्शन'. मग उलगडा झाला : शब्द तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ चे. ते वापरा, असा आग्रह निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने डार्विनला १८६६ च्या पत्रात केला आणि पुस्तकाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ते त्या प्रकरणाच्या शीर्षकातच आले.

पहिली आवृत्ती, पाचवी आवृत्ती, वॉलेसचं पत्र ही माझी प्राथमिक साधनं. त्यांच्याबद्दल नंतर कोणी लिहिलेलं पाठ्यपुस्तक हे दुय्यम साधन. मात्र हे शिक्के कायमचे नसतात. उद्या कोणी 'पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांती कशी शिकवली गेली' यावर काम केलं, तर तेच पाठ्यपुस्तक त्याचं प्राथमिक साधन ठरेल. तेव्हा आधी स्वतःचा प्रश्न पक्का करा, मग साधनाचा प्रकार ठरवा.

दुय्यम साधनांना कमी लेखू नका. मी आजही सुरुवात त्यांच्यापासूनच करते. विषयात वाद कुठे आहे, मूळ कागद कुठे सापडतील, हे तीच सांगतात. चांगल्या ग्रंथाच्या तळटीपा तर मजकुराइतक्याच बारकाईने वाचाव्यात. प्रश्न फक्त प्रामाणिकपणाचा आहे. मूळ ग्रंथ मिळाला नाही, तर 'अमुक लेखकाचं विधान, तमुकच्या ग्रंथात उद्धृत' असं सरळ लिहा. एपीएसारख्या संदर्भपद्धतीत त्याची रीतच आहे : मजकुरात दोघांची नावं, संदर्भसूचीत मात्र तुम्ही प्रत्यक्ष वाचलेला ग्रंथच.

न वाचता संदर्भ उचलण्याची सवय किती पसरलेली आहे, याचा अंदाज २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी बांधला होता. संदर्भांतल्या छपाईच्या चुका जशाच्या तशा पुढच्या लेखांत उतरलेल्या त्यांना दिसल्या. त्यावरून त्यांचा हिशेब असा, की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ लेख वाचतात. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. तळटीप म्हणजे 'मी हे पाहिलंय' अशी वाचकाला दिलेली साक्ष आहे.

टिपणं काढतानाच आवृत्ती, वर्ष आणि पान लिहून ठेवा. 'नंतर शोधू' म्हटलं की शेवटच्या आठवड्यात ग्रंथालयात रात्री काढाव्या लागतात. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील, तर त्याच क्षणी अवतरणचिन्ह घाला. महिन्याभराने ते वाक्य कोणाचं, हे आपलं आपल्यालाही ओळखू येत नाही. संदर्भ सांभाळायला झोटेरोसारखं सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण त्याने आपोआप भरलेली नोंद मुखपृष्ठामागच्या पानाशी ताडून पाहा. पुनर्मुद्रणाचं वर्ष पहिल्या प्रकाशनाचं म्हणून सर्रास पडतं.

माझं ते एका ओळीचं वाक्य अखेर चार ओळींचं झालं, खाली तीन तळटीपा आल्या. बाईंनी तिन्ही पानं उघडून पाहिली आणि पेन्सिलीचा गोल खोडून टाकला.